पाटी कोणाची, डोके कोणाचे

महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या यच्चयावत वाहनांस उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘एचएसआरपी’, बसविण्याचा हुकूम काढला, त्याची मुदत आरंभी ३१ मार्च २०२५ अशी ठरविली, आणि सरकारी मुदतींच्या शिरस्त्याप्रमाणे ती एकामागून एक वाढत वर्षअखेरीला जाऊन टेकली. त्या सगळ्या महिन्यांत बँकेच्या रांगेपासून चहाच्या टपरीपर्यंत या विषयावर जे बोलणे कानी पडे त्याचा मथितार्थ एकच असे, की सरकारने खिशात हात घालण्याची आणखी एक वाट शोधून काढली. दुचाकीस साडेचारशे रुपये आणि वर कर, ऑनलाइन तारीख मिळविण्याची यातायात, केंद्रावरचा खोळंबा, आणि इतकी वर्षे बिनतक्रार चाललेल्या स्कूटरची पाटी आजच एकाएकी असुरक्षित कशी ठरली हा सवाल. ही कुरकुर सर्वस्वी अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. पुरवठ्याचा बंदोबस्त आधी आणि दंडाची धमकी मागून, हा साधा क्रम आपल्याकडे बहुधा उलटाच पाळला जातो. परंतु या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारला नाही, तो असा, की वाहनावरची पाटी मुळात कोणाची? तिचे पैसे मालक देतो, ती मालकाच्या गाडीवर असते, तिच्यावरचा नंबर मालकाला झोपेतही आठवतो, आणि तरीही माझे म्हणणे असे, की ती मालकाची नाही. उलट ज्या शिरस्त्राणाला आपण सरकारचे समजतो, चौकातला पोलीस दिसताच डोक्यावर चढवितो आणि चौक ओलांडताच कोपरात अडकवितो, ते मात्र निखळ मालकाचे आहे. या दोन वस्तूंच्या मालकीची आपण अदलाबदल करून टाकली आहे, आणि दुचाकीविषयीचे आपले पुष्कळसे वाद या अदलाबदलीतूनच उपजतात.

प्रथम ही पाटी जवळून पाहावी, कारण तिला शिव्या देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती न्याहाळलेली असते. ॲल्युमिनियमचा पत्रा, दुचाकीच्या मागच्या बाजूस २०० मिलिमीटर लांब व १०० मिलिमीटर उंच, पुढच्या बाजूस २८५ बाय ४५; अक्षरे ब्रशाने रंगविलेली नव्हेत, ठशाने उठविलेली; त्या उठावावर उष्णतेने दाबून बसविलेली काळी झिल्ली, आणि त्या झिल्लीत ४५ अंशांच्या कलाने पुनःपुन्हा छापलेला देशाच्या नावाचा बारीक अक्षरांतील मजकूर; डाव्या अंगास २० मिलिमीटर औरसचौरस, क्रोमियमचा, निळ्या अशोकचक्राचा होलोग्राम; लेझरने कोरलेला, त्या पत्र्याचा स्वतःचा असा वेगळा क्रमांक; आणि हे सारे गाडीला जखडणारी अशी कळ, की जी एकदा बसली म्हणजे मोडल्यावाचून निघत नाही. पेशवाईतला कारकून पत्राच्या अखेरीस मोर्तब उठवून त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये याची जी दक्षता घेई, तीच दक्षता इथे पत्र्यावर उतरली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी पन्नासाव्या नियमात ही तरतूद २००१ साली शिरली, २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि नव्या गाड्यांवर ती देशभर सक्तीने बसू लागली २०१९ पासून. म्हणजे एका पाटीला कागदावरून रस्त्यावर उतरावयास अठरा वर्षे लागली. त्यापुढचा एक्कावन्नावा नियम तर अक्षरांची उंचीच बांधून देतो: मोटारसायकलीच्या मागील अक्षरे ३५ मिलिमीटर, आकडे ४०, रेघेची जाडी ७, दोहोंतील अंतर ५. एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. ज्याला ती वाचावयाची आहे तो गाडीवर बसलेला नसतो, तो रस्त्याच्या कडेला पडलेला असतो, आणि त्याच्याजवळ वाचावयास एखाददुसरा क्षणच असतो, म्हणून.

वाहनास क्रमांक देण्याची कल्पना राज्यकर्त्यांच्या लहरीतून निघाली नाही. बैलगाडीने वा टांग्याने कोणास धक्का दिला, तर धक्का देणारा पळून पळून जाणार किती, आणि गावात त्याला ओळखणार नाही असे असणार किती? यांत्रिक वाहनाने हा हिशेब मोडला. अपराधी प्रथमच असा निर्माण झाला, की ज्याचा चेहरा दिसण्याआधी तो दृष्टीआड होतो. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली वाहनांवर ओळखीची पाटी लावावयास फर्माविले. इंग्लंडात १९०३ च्या कायद्यान्वये १९०४ च्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक मोटारीला नोंदणी आणि क्रमांक सक्तीचा झाला. हिंदुस्थानात १९१४ चा मोटार कायदा आला, मागून १९३९ चा, आणि आज लागू असलेला १९८८ चा. तेव्हाच्या धनिक मोटारवाल्यांना हा नंबर म्हणजे आपल्या गळ्यात अडकविलेला बिल्ला वाटे. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, कारण पाटी खरोखरच त्यांच्या विरुद्ध होती, आणि पायी चालणाऱ्याच्या बाजूची होती. ज्याच्याजवळ वेग आहे त्याने आपले नाव जाहीर करून चालावे, आणि ज्याच्याजवळ वेग नाही त्याला ते विचारण्याचीही गरज पडू नये, असा हा करार आहे.

हा करार किती व्यावहारिक आहे ते पाहावयाचे तर मोटार वाहन कायद्याचे १६१ वे कलम उघडावे. अज्ञात वाहनाने ठोकर देऊन पळ काढला, तर १ एप्रिल २०२२ पासून अमलात असलेल्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांस दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीस पन्नास हजार मिळतात. तेथे प्रकरण संपते. तेच वाहन ज्ञात असेल तर कुटुंबास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाता येते, तेथे मृताचे वय, त्याची मिळकत, त्याच्यावर विसंबून असलेली माणसे यांचा हिशेब मांडला जातो, आणि प्रत्येक वाहनास सक्तीचा असलेला तिऱ्हाइताचा विमा ती भरपाई चुकती करतो. तिशीतला एखादा गवंडी पहाटे कामावर निघाला असता मारला गेला, तर या दोन रकमांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो, आणि तो फरक कधी कधी एवढ्यावरच लटकत असतो, की तेथल्या दूधवाल्याला पाटीवरचे चार आकडे वाचता आले की नाही. ज्याने आपल्या गाडीची पाटी वाकवून आत दडविली आहे, तिच्यावर काळी काच चढविली आहे, किंवा कॅमेऱ्याच्या चलनातून सुटण्यासाठी एखाद्या आकड्यावर चिंधी बांधली आहे, त्याने सरकारच्या तिजोरीचे पाचशे-हजार रुपये चुकविले असे आपण समजतो आणि त्याच्या धूर्तपणाला मनातल्या मनात दादही देतो. त्याने त्या गवंड्याच्या विधवेचा दस्तऐवज आगाऊच फाडून ठेवला आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आणि शोभेच्या पाट्यांचे काय सांगावे! ४१४१ हे इंग्रजी आकडे असे वळवावयाचे की त्यांचा ‘दादा’ व्हावा, ८०५५ ची इंग्रजी लिपीत ‘बॉस’ करावयाची, २१४ चा ‘राम’ करून धर्मकार्य साधावयाचे. हा कारागिरीचा प्रकार महाराष्ट्रात इतका रुळला आहे, की नंबर रेडियमने काढून देणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक आकडा सांगत नाही, शब्द सांगते. उरलेल्या जागेत ‘पाटील’, ‘साहेब’, ‘आईचा आशीर्वाद’, आणि ज्यांना अधिक व्यवहार कळतो त्यांच्या गाडीवर ‘प्रेस’ अथवा ‘महाराष्ट्र शासन’. प्रस्तुत लेखकास देवनागरी लिपीचा अभिमान कोणाहून कमी नाही, आणि दुकानावरील पाटी मराठीत असावी या मताचा मी कट्टर पक्षपाती आहे. परंतु गाडीवरच्या पाटीची अक्षरे रोमन आणि आकडे इंग्रजी असावेत हा नियम मला अपमानास्पद वाटत नाही, कारण निपाणीकडून आलेल्या किंवा गुजरातेतून माल घेऊन उतरलेल्या परक्या माणसालाही ती एका नजरेत वाचता आली पाहिजे. दुकानाची पाटी गिऱ्हाइकाला बोलावते आणि म्हणून ती दुकानदाराची असते. गाडीची पाटी कोणालाच बोलावत नाही. गोव्यातल्या भाड्याच्या मोटारसायकलीवर प्रवासी नेणारा ‘पायलट’ पिवळी पाटी आणि पिवळा मडगार्ड मिरवितो, स्वतः चालवावयास भाड्याने घेतलेल्या स्कूटरची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. तेथे उतरलेल्या परक्या मुलखातल्या प्रवाशाला कोणास हात करावा हे त्या रंगावरूनच उमगते. रंगसुद्धा पाहणाऱ्याच्या सोयीचा, चालविणाऱ्याच्या आवडीचा नव्हे.

मात्र नागरिकाला दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे नाही, कारण आकडा हा अलंकार आहे ही शिकवण त्याला खुद्द सरकारनेच दिली. महाराष्ट्रात ‘पसंतीचा क्रमांक’ रीतसर विकला जातो. २०२४ साली चारचाकीच्या ०००१ या आकड्याचा दर तीन लाखांवरून पाच लाखांवर आणि दुचाकीचा पन्नास हजारांवरून एक लाखावर नेण्यात आला. जे खाते एका खिडकीवर सांगते की आकडा म्हणजे निव्वळ ओळख आहे, त्याच्याशी खेळ केल्यास दंड होईल, तेच खाते शेजारच्या खिडकीवर तो आकडा प्रतिष्ठेची वस्तू म्हणून लाख रुपयांना देते. एक लाख मोजून जो एकचा आकडा घेतो, त्याने तो अंमळ मोठा आणि वळणदार काढला, तर त्याला शासन करणाऱ्या शिपायाने नैतिक बळ आणावे कोठून? मी या विक्रीचा शत्रू नाही. हौशी श्रीमंताने राजीखुशीने दिलेला पैसा हा सर्व करांमध्ये सर्वांत निरुपद्रवी कर होय. पण त्या पैशाचा विनियोग कशावर व्हावा याविषयी मला काही सुचवावयाचे आहे, ते शेवटी सांगेन.

आता शिरस्त्राणाकडे वळावयाचे. १९३५ च्या मे महिन्याच्या १३ तारखेला इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, आपल्या क्लाउड्स हिल या खोपट्याच्या वाटेवर, टी. ई. लॉरेन्स हा अरबस्तानातील लढाईने जगप्रसिद्ध झालेला गृहस्थ मोटारसायकलीवरून येत असता समोर सायकलीवरची दोन मुले दिसताच त्याने गाडी वळविली, तो फेकला गेला, आणि सहा दिवसांनी, १९ तारखेस, मेंदूच्या दुखापतीने वारला. त्याची ब्रफ सुपीरियर गाडी त्या काळी जगातील उत्तमांत गणली जाई आणि तिचा नोंदणी क्रमांक, जीडब्ल्यू २२७५, आजही शौकिनांना पाठ आहे. कायद्याला हवे ते सर्व त्या गाडीवर होते. चालविणाऱ्याच्या डोक्यावर मात्र काही नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यवैद्य होता. त्याच्या मनाला हे मरण लागून राहिले. युद्ध सुरू झाल्यावर लष्करी निरोप्यांच्या मोटारसायकल-अपघातांचा त्याने अभ्यास केला आणि १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शिरस्त्राणाने जीव वाचतात असे साधार मांडले. लष्कराने ते लगोलग मानले. नागरिकांवर सक्ती होण्यास तिकडेही १९७३ साल उजाडले. त्याआधी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने १९६१ मध्ये ती करून दाखविली होती. सबब, हेल्मेटाला विरोध हा काही पुण्याच्याच पाण्याचा गुण नव्हे.

शिरस्त्राण काम कसे करते ते ठाऊक नसल्यानेच त्याविषयी इतके प्रवाद आहेत. बाहेरचे कठीण कवच हे त्यातील दुय्यम अंग. खरे काम आतल्या पांढऱ्या थराचे, ज्याला आपण थर्माकोल म्हणून हिणवितो त्याच जातीच्या पदार्थाचे. आघात होताच तो थर चिरडतो, आणि चिरडण्यात जो सूक्ष्म कालावधी जातो तेवढ्याने मेंदूवरचा धक्का सौम्य होतो; म्हणजे वाचविण्यासाठी त्याला स्वतः नष्ट व्हावे लागते, आणि म्हणूनच एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धडधाकट दिसले तरी टाकून द्यावयाचे असते. दुसरे अंग हनुवटीखालचा पट्टा. तो न बांधता घातलेले हेल्मेट पहिल्या हिसक्यासरशी डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते. कायद्याच्या १२९ व्या कलमातही ते डोक्याला घट्ट बांधलेले असावे असे स्पष्ट लिहिले आहे, पण पट्टा तपासणारा शिपाई मी क्वचितच पाहिला. १ जून २०२१ पासून भारतीय मानकाचा शिक्का नसलेले हेल्मेट विकणे बेकायदा ठरले. तरी उड्डाणपुलाखाली दोरीवर टांगलेल्या दोनतीनशे रुपयांच्या टोप्या खपतात, कारण त्या विकत घेणारा आपले डोके वाचविण्यासाठी त्या घेतच नाही. त्याला वाचवावयाचा असतो १९४ ड कलमाखालचा एक हजाराचा दंड आणि तीन महिन्यांचे लायसन. ज्या शत्रूसाठी ढाल घ्यावयाची त्याच्याच जोगती ती घेतली जाते. शत्रू चौकातला पोलीस असेल तर प्लास्टिकची वाटीही पुरते.

‘गाडी मी ताशी वीसच्या वर नेतच नाही, मला काय होणार?’ हा शहरी युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण पाच-साडेपाच फुटांवरून डोके फरसबंदीवर आदळते तेव्हा निव्वळ गुरुत्वाकर्षणाने त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास झालेला असतो. गाडीचा वेग त्यात मिळविण्याची गरजच नाही. गाडी जागच्या जागी कलली तरी हिशेब तोच. केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत दुचाकीवरील ७४,८९७, आणि हेल्मेट न घातलेले ५०,०२९. त्यांतील १४,३३७ मागे बसलेले. या शेवटच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. मागे बसणारी बहुधा बायको असते, बहीण असते, म्हातारी आई असते. गाडी तिने निवडलेली नसते, वेग तिच्या हातात नसतो, आणि घरात एकच हेल्मेट असेल तर ते तिच्या वाट्याला येत नाही.

पुण्यात हेल्मेटसक्तीची लाट आली की विरोधी कृती समिती उभी राहते, मोर्चे निघतात, निषेधार्थ पगड्याही चढविल्या जातात, आणि बाहेरगावचे लोक हसतात. मला यात थट्टेपेक्षा परंपरा अधिक दिसते. १८९१ साली संमतिवयाचे विधेयक आले, वैवाहिक संबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याचे, तेव्हा याच शहरात असाच खडाजंगी वाद माजला होता. सुधारणा लोकमताने यावी, परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे, ही टिळकांची बाजू. ज्या रूढीने जीव जातात ती कायद्याने मोडणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, ही आगरकरांची. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांतला तो झगडा वरकरणी मुलींच्या वयाचा असला तरी त्याचा गाभा असा होता, की माणसाच्या खाजगी आयुष्यात कायद्याने कोठवर शिरावे. हेल्मेटाचा वाद त्याच झाडाची एक खुरटी फांदी आहे. आज सरकार परके उरले नाही, त्यामुळे टिळकपक्षाचा अर्धा आधार गळाला. उरलेला अर्धा मात्र अजून जिवंत आहे, तो असा, की मनाची तयारी नसताना लादलेला कायदा आचार उत्पन्न न करता देखावा उत्पन्न करतो. कोपरात अडकविलेले हेल्मेट हा त्याचा चालताबोलता पुरावा.

इंग्रज तत्त्वचिंतक मिल्लने १८५९ सालच्या स्वातंत्र्यावरील निबंधात असे प्रतिपादिले की, दुसऱ्यास इजा होत असेल तेथेच समाजाने बळाचा वापर करावा. स्वतःच्या हिताअहिताचा मुखत्यार ज्याचा तो. ही कसोटी घट्ट धरली तर पाटीची सक्ती निर्विवाद ठरते आणि हेल्मेटाची डळमळीत. सक्तीचे कैवारी येथे सांगतात, की मोडलेल्या डोक्याचा खर्च अखेर सरकारी इस्पितळावरच पडतो. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही, कारण त्याच न्यायाने जिलेबीवरही दंड बसवावा लागेल. माझा आधार वेगळा आहे. मुखत्यारी ही ज्याने पुरते जाणून निवड केली त्याची, आणि आपल्या दुचाकीवर अशी निवड करून बसलेला माणूस एकटा क्वचितच असतो. त्याच्या मागे कोणी, पुढे पायाशी उभे राहिलेले मूल, आणि घरी त्याच्या पगारावर चाललेली चूल असते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला नेताना त्याच्या मापाचे शिरस्त्राण, चालविणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० ची वेगमर्यादा असा नियम लागू आहे. शंभरात एकाने तरी तो ऐकला असेल काय, याची मला शंका वाटते. माझ्या हाती अंमलबजावणी असती तर मी ती या टोकाकडून सुरू केली असती: आधी मूल, मग मागची व्यक्ती, आणि पुढचा शहाणा सर्वांत शेवटी. आज पकडले जाते ते बरोबर उलट क्रमाने, कारण कॅमेऱ्याला पुढचे डोके आधी दिसते.

डोक्याखालच्या देहाविषयी कायदा जवळजवळ मुका आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नव्या पोशाखाची एक दुनियाच आपल्याकडे उभी राहिली. रविवारी सकाळी ताम्हिणीच्या वा महाबळेश्वरच्या वाटेवर ती पाहावी. वारा आत घेणारे जाळीदार जाकीट, खांद्या-कोपरांत आणि पाठीत बसविलेले असे लवचीक पदार्थ की जे हाताला मऊ लागतात आणि ठोका बसताच ताठरतात, बोटांच्या सांध्यांवर कवच असलेले हातमोजे, घोटा झाकणारे बूट. आणि अलीकडे तर पडताक्षणी फुगणारी हवेची बंडी. यांची प्रतवारी युरोपच्या मानकांनी होते, तेथे कापड डांबरावर घासले असता किती टिकते यावरून ट्रिपल एपासून पायऱ्या लाविल्या आहेत. या पोशाखाला ‘पोरांची चैन’ म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांतला नाही. डांबरावर घासलेली कातडी ज्याने जवळून पाहिली असेल त्याला ती चैन वाटणार नाही. माझा आक्षेप निराळाच आहे. हा सगळा सरंजाम महिन्यातून दोन रविवार गाडी चालविणाऱ्याच्या अंगावर आहे, आणि जो रोज दहा-बारा तास, पावसात व उन्हात, पाठीवर चौकोनी पेटी घेऊन घड्याळाशी झुंजत गाडी चालवितो त्याच्या अंगावर कंपनीच्या नावाचा एक पातळ सदरा आहे. त्या सदऱ्यावरचे नाव दुरूनही वाचता येते. घरपोच माल पोहोचविणाऱ्या या मुलांच्या गाडीची पाटी, विमा, लायसन सगळे तपासून घेतले जाते; कोपर आणि गुडघा कोणाच्याच यादीत नसतो.

आपल्या हवेला आणि आपल्या वस्त्रांना साजेसा नियम आपल्याला करता येत नाही असेही नाही. केंद्रीय नियमांतला १२३ वा नियम काढून पाहावा: मागे बसणाऱ्याला धरावयास मूठ हवी, पाय ठेवावयास आधार हवा, आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारी जाळी हवी, अशासाठी की बसणाऱ्याचे वस्त्र आऱ्यांत गुंतू नये. हीच ती आपली ‘साडी गार्ड’. हा नियम कोणत्याही परदेशी पुस्तकातून उचललेला नाही. ज्याने तो लिहिला त्याने एका कडेने बसलेली बाई, तिचा वाऱ्यावर उडणारा पदर आणि फिरते चाक ही तिन्ही एकत्र पाहिलेली होती. जगातल्या कुठल्याही मानकाहून मला हा पाचदहा ओळींचा नियम अधिक शहाणपणाचा वाटतो. आणि नवी गाडी घरी आल्यावर आपला तरुण प्रथम काय करतो? गॅरेजात नेऊन ती जाळी कापून टाकतो, कारण तिने गाडीचा तोरा जातो. त्याच भेटीत मागची पाटी वर वाकवून घेतली जाते. परक्यासाठी असलेली पाटी आणि आईसाठी असलेली जाळी एकाच पान्याने उतरतात, आणि त्याबद्दल एकाही नाक्यावर त्याला कोणी हटकत नाही.

ओळख आणि देह यांत निवड करावयाची वेळ आली तर राज्याने काय करावे, याचा एक जुना दाखला आहे. इंग्लंडात मोटारसायकलीच्या पुढच्या मडगार्डावर पाटी उभी बसविलेली असे, चाकाच्या रेषेत, पात्यासारखी. पादचाऱ्याला ती चिरते हे ध्यानी आल्यावर १९७५ साली त्या सरकारने पुढच्या पाटीची सक्तीच उठविली, आणि २००१ नंतरच्या गाड्यांना ती लावण्यासच मनाई केली. आपल्याला पुढची पाटी काढण्याचे कारण नाही, आपली ती आडवी बसते आणि कॅमेऱ्याला उपयोगी पडते. अनुकरणीय आहे तो त्या निर्णयामागचा तारतम्यभाव. ज्या सरकारने पत्र्याच्या तुकड्यासाठी होलोग्राम, लेझर, मोडल्याशिवाय न निघणारी कळ आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बसवणी-केंद्रे एवढा खटाटोप केला, त्याला त्याच्या चौथाईने खटाटोप माणसाच्या हाडांसाठी करणे अशक्य नाही.

म्हणून माझी सूचना अशी. पसंतीच्या क्रमांकांच्या विक्रीतून जी रक्कम खात्याकडे येते, तिचा ठराविक हिस्सा, दुचाकीवर ज्यांचे पोट आहे अशांच्या पोशाखासाठी राखून ठेवावा, आणि जी कंपनी त्यांच्याकडून काम घेते तिने तितकीच भर त्यात घालावी. न घातल्यास तिच्या सदऱ्यातील कोणाही मुलाऐवजी तिच्याच नावे दंडाची पावती फाडावी. हिशेबाची खाती निराळी आहेत, पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो, असा शेरा या सूचनेवर पडेल हे मला ठाऊक आहे. पण असे राखीव हिस्से राज्याने इतर कामांसाठी यापूर्वी काढलेले आहेत, तेव्हा ही अडचण नियमाची नाही, इच्छेची आहे. यादी लांबलचक करण्याचेही प्रयोजन नाही: मानकाचा शिक्का असलेले आणि पट्टा शाबूत असलेले हेल्मेट, आपल्या उन्हाळ्यात अंगावर ठेवता येईल असे जाळीचे जाकीट, कोपर-गुडघ्यांची कवचे, आणि हातमोजे. हातमोजे वगळून काटकसर करू नये. पडणारा माणूस प्रथम हात टेकतो.